गोडं पाणी, खारं पाणी आणि फळसाखर

आमच्या भागात 'गोड' हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात. एक जिभेला लागतं ते गोड, आणि दुसरं विहिरीचं पाणी. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो खारपाणपट्टा आहे, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांची कितीतरी गावं येतात. इथं मुलगी द्यायची म्हटली की जुनी माणसं आधी एकच विचारायची, "गावात गोडं पाणी आहे का?"

आज परिस्थिती अशी आहे की पहिलं गोड प्रत्येक गावात पोहोचलं. किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये, दहा-वीस रुपयांत, आंब्याचं नाहीतर संत्र्याचं चित्र छापलेल्या बाटलीत. दुसरं गोड, म्हणजे पिण्याजोगं पाणी, अजून सगळीकडे रोज पोहोचत नाही. या दोन गोडांचा संबंध काय, हे सांगण्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, पण सवडीनं वाचा, कारण प्रश्न आपल्या माणसांच्या किडनीचा आहे.

सुरुवात फळसाखरेपासून करू.

१८४७ साली द्यूब्रन्फो नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं दाखवलं की उसाची साखर फोडली की त्यातून दोन वेगवेगळ्या साखरा निघतात. एक ग्लुकोज. दुसरी त्याहून गोड, फळांत आणि मधात भरपूर असणारी. तिला १८५७ साली विल्यम मिलर या इंग्रज रसायनतज्ज्ञानं 'फ्रुक्टोज' हे नाव दिलं. आपण फळसाखर म्हणू. गंमत अशी की दोन्हींत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचे अणू अगदी सारख्याच संख्येनं असतात. फक्त मांडणी वेगळी. पण त्या एवढ्याशा फरकानं शरीरात दोघींचे रस्ते पार वेगळे होतात.

इथंच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपण चहात टाकतो ती पांढरी साखर म्हणजे निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फळसाखर. गुळातही बहुतांश तीच. म्हणजे फळाला हात न लावताही माणूस दिवसभर फळसाखर खात असतो.

आता आपल्या जिल्ह्यात ही फळसाखर कोणत्या वाटेनं आली ते पाहू.

जुन्या काळी ती ऋतूप्रमाणे यायची. दिवाळीच्या आगेमागे डोंगरातली सीताफळं. संक्रांतीला बोरं, ती इतकी की लहान पोराला बोरन्हाण घालायचं. फाल्गुन-चैत्रात सातपुड्याच्या पायथ्याला मोह. वैशाखात गावरान आंबे, चोखून खायचे. पाऊस पडता पडता जांभळं. मध सापडला तर सापडला. गूळ सणावाराला. म्हणजे वर्षात प्रत्येक गोडाचे काही आठवडे ठरलेले. ते संपले की जीभ पुन्हा ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि ठेच्यावर.

यातला मोह हा खरा फळसाखरेचा राजा. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवर पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचतात आणि वाळवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्मा किंवा त्याहून जास्त भाग साखरच असते आणि तिच्यात ग्लुकोज आणि फळसाखर मोठ्या प्रमाणात असते. दुष्काळात धान्य संपलं की या फुलांनी माणसं जगवली. ती भाजून खाल्ली, भाकरीत घातली, जनावरांना चारली.

पण सरकारला मोहात फक्त दारू दिसली. कारण दारूवर अबकारी कर होता आणि घरी गाळलेल्या दारूवर तो मिळत नव्हता. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली खास 'म्हौरा कायदा' करून ठाणे-कुलाबा भागात मोहफुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावर बंधनं घातली. आपला वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ च्या तहानंतर तो निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या ताब्यात होता. पण अबकारीचं धोरण इथंही त्याच डोक्यानं चालायचं. स्वातंत्र्यानंतरही राज्यात मोहफुलांवर निर्बंध राहिले, ते सैल व्हायला २०२१ साल उजाडलं. गरिबाच्या अंगणातली साखर सव्वाशे वर्षं संशयित राहिली, हे विसरू नका. कारखान्यातल्या साखरेला मात्र याच काळात मानानं दार उघडलं गेलं.

ती कशी आली?

१८६० च्या दशकात रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाववरून पुढे गेली आणि १८६७ साली नागपूरला पोहोचली. ही रेल्वे मुख्यतः आपला कापूस न्यायला आली होती. पण गाडी रिकामी परत येत नाही. कापूस जायचा, बाहेरचा माल यायचा. त्यात पांढरी साखरही होती. जुनी माणसं तिला 'मोरस' म्हणायची. हा शब्द मॉरिशसवरून आला. तिथल्या उसाच्या मळ्यांवर १८३४ पासून हिंदुस्थानातून करारानं मजूर नेले, त्यात कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्या घामाची साखर बोटीनं मुंबईला आणि तिथून पुढे बाजारात. मराठी मजुराच्या हातची, मराठी माणसाच्या चहात, आणि नाव परक्या बेटाचं.

पुढे १९३२ साली सरकारनं देशी साखर उद्योगाला संरक्षण दिलं आणि परदेशी साखरेचं दार जवळपास बंद झालं. १९५० मध्ये नगर जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं शाळेपासून पाठ आहेत. त्या वाटेनं आपल्याकडेही सिंदखेड राजा तालुक्यात दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखाना झाला. माँसाहेबांच्या जन्मभूमीत त्यांच्या नावाचा कारखाना. तो टिकला नाही. पाणी नसलेल्या मुलखात ऊस हे पीकच उसनं होतं. कारखान्याचं राजकारण हा वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही.

कारखाना बंद पडला म्हणून साखर थांबली का? नाही. ती बाटलीत बसून आली.

इथं मक्याचंही सांगायला हवं, कारण मोताळा, मलकापूर, देऊळगाव राजा भागात आपण मका मोठ्या प्रमाणावर घेतो. मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोजचा पाक बनतो, हे जुनं तंत्र. १९५७ साली अमेरिकेत मार्शल आणि कूई यांनी असं एन्झाइम दाखवलं, जे ग्लुकोजचं रूपांतर फळसाखरेत करतं. जपानी संशोधकांनी १९६० च्या दशकात ते कारखान्यात वापरण्याजोगं केलं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या कोला कंपन्यांनी उसाची साखर सोडून हा मक्याचा पाक घेतला, कारण तो स्वस्त पडत होता. झाड नाही, फूल नाही, मधमाशी नाही. फळसाखरेला आता फळाची गरजच उरली नाही.

यावरून व्हॉट्सॲपवर फिरतं की 'मक्याचा पाक विष, उसाची साखर चांगली'. यात फार तथ्य नाही. त्या पाकात फळसाखर साधारण ५५ टक्के, उसाच्या साखरेत ५० टक्के. आपल्या देशातल्या शीतपेयांत प्रामुख्यानं उसाचीच साखर असते. पाच टक्क्यांच्या फरकावर भांडत बसलो तर मूळ प्रश्न बाजूला राहतो. मूळ प्रश्न आहे तो किती, किती वेगानं आणि कशासोबत, हा.

आता शरीराकडे येऊ.

ग्लुकोज शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी वापरते. फळसाखरेचं तसं नाही. ती आतड्यातून वेगळ्या दारानं आत येते आणि बहुतेक काम यकृताच्या, म्हणजे लिव्हरच्या अंगावर पडतं. थोडी-थोडी आली तर आतडंच तिचं ग्लुकोज करून टाकतं, हे २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. एकदम लोंढा आला की तो यकृतावर जातो. यकृतातलं फळसाखरेचं एन्झाइम फार घाईनं काम करतं. त्याला 'पुरे' म्हणणारा लगाम नाही. या घाईत पेशीतली ऊर्जा झपाट्यानं खर्च होते आणि त्या मोडतोडीतून युरिक ॲसिड तयार होतं. उरलेल्या फळसाखरेची चरबी होते. काही रक्तात जाते, काही यकृतातच साठते. दारूला कधी न शिवलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' येतं, त्यामागे अनेक कारणं असतात. जास्तीची साखर हे त्यातलं एक.

मग फळं खायची नाहीत का? हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. फळं खायचीच. एका मध्यम संत्र्यात फळसाखर असते साधारण तीन ग्रॅम. सोबत चोथा, पाणी, आणि सोलून खायला लागणारा वेळ. ३०० मिलीच्या कोलाच्या बाटलीत साखर साधारण ३२ ग्रॅम, म्हणजे फळसाखर १६ ग्रॅम. पाच संत्र्यांची फळसाखर दोन मिनिटांत घशाखाली, चोथ्याशिवाय. पाच संत्री सलग खाऊन दाखवा, तिसऱ्यालाच पोट 'बस' म्हणतं. बाटली तसं म्हणू देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. म्हणजे मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ५० ग्रॅम, आणि बरं म्हणजे २५. अख्खं फळ या हिशोबात धरलेलंच नाही. एक बाटली प्यायली की २५ चा आकडा ओलांडला. वर दिवसभराचा चहा आहेच.

अजून एक गैरसमज. फळसाखरेनं रक्तातली साखर लगेच उसळत नाही, म्हणून एकेकाळी ती मधुमेहींसाठी चांगली म्हणून विकली गेली. २००२ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशननंच सांगितलं की मधुमेहींनी गोडीसाठी वरून फ्रुक्टोज घालून घेऊ नये. कारण ग्लुकोमीटरवर आकडा दिसला नाही तरी यकृतावर आणि रक्तातल्या चरबीवर परिणाम होतोच. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज आहे. तरी 'नैसर्गिक गोडी' असं लिहिलेले डबे दुकानात आहेतच.

आता मूळ मुद्दा. खारं पाणी.

फळसाखर बाहेरूनच यायला पाहिजे असं नाही. आपलं शरीर ती स्वतःही बनवतं. १९५६ साली बेल्जियमच्या हेर्स या शास्त्रज्ञानं दाखवलं की शरीर ग्लुकोजपासून फळसाखर तयार करतं. त्यांचं काम होतं वीर्यातल्या फळसाखरेवर, शुक्राणूंना ऊर्जा लागते म्हणून. पुढे कळलं की हीच वाट किडनीतही आहे आणि शरीरात पाणी कमी पडलं की ती जोरात चालू होते.

२०१४ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. उष्णतेनं त्यांच्या अंगातलं पाणी पुन्हा पुन्हा कमी होऊ दिलं. किडनीत फळसाखर तयार झाली, आणि तिला फोडताना किडनीलाच इजा झाली. ज्या उंदरांत फळसाखर फोडणारं एन्झाइम नव्हतं, त्यांची किडनी बचावली. २०१६ मध्ये त्याच वाटेवरचा दुसरा प्रयोग, या वेळी घुशींच्या जातीच्या मोठ्या उंदरांवर. तहानलेल्या उंदरांना पाण्याऐवजी कोल्ड्रिंकसारखं ग्लुकोज-फळसाखरेचं पाणी दिलं. किडनीचं नुकसान भरून येण्याऐवजी वाढलं.

हे संशोधन सुरू झालं ते मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांमुळे. एल साल्वाडोर, निकाराग्वा या देशांत ना मधुमेह, ना रक्तदाब, तरी तरणीताठी माणसं किडनी निकामी होऊन मरत होती. भर उन्हात ऊस तोडायचा, पाणी कमी, आणि तहान भागवायला गोड पेय. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातूनही दरवर्षी ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जातात. चित्र ओळखीचं वाटतं ना?

खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या रुग्णांच्या बातम्या आपण कितीतरी वर्षं वाचतो आहोत. त्याला फळसाखर जबाबदार आहे असं मी म्हणत नाही. खारं पाणी, त्यातले क्षार, ऊन, वेदनाशामक गोळ्या, फवारणीची औषधं, अशा अनेक गोष्टींवर संशय आहे आणि प्रयोग उंदरांवरचे आहेत. पण ४४-४५ अंशांच्या उन्हात राबणारा माणूस, ज्याच्या घरचं पाणी खारं म्हणून घशाखाली उतरत नाही, तो कमी पाणी पितो आणि वाटेत गार बाटली घेतो. असं शरीर आणि तो प्रयोगातला उंदीर यांत साम्य दिसत असेल तर वाट पाहत बसायचं की सावध व्हायचं?

बरं, तहानलेल्याला साखर द्यायचीच नाही का? द्यायची. पण कोणती आणि किती, हे आपल्याच देशातल्या डॉक्टरनं जगाला दाखवलंय. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती. सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात करून तोंडानं पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. तेच आपलं ओआरएस. आतड्यात ग्लुकोज मिठाचा हात धरून आत येतं आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. फळसाखर मिठाचा हात धरत नाही, तिचं दार वेगळं. आज ओआरएसच्या एका लिटरला ग्लुकोज लागतं १३.५ ग्रॅम. कोलाच्या एका लिटरमध्ये साखर शंभर ग्रॅमच्या वर आणि मीठ नावाला. ते तहान भागवल्यासारखं वाटतं, एवढंच.

याच नावाचा बाजारात कसा खेळ झाला तेही पाहा. भरपूर साखरेचे खोके 'ओआरएस' अशी अक्षरं नावात घेऊन औषध दुकानांत विकले जात होते. जुलाब झालेल्या लेकरांना आयाबाया तेच पाजत होत्या. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं एकहाती भांडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं अखेर पेयांच्या नावात ते शब्द वापरायला मनाई केली. एक बाई लढली म्हणून झालं. यंत्रणेला आपसूक जाग आली नाही.

आणि कराचं गणित तर अजब. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोलासारख्या शीतपेयांवर जीएसटी ४० टक्के. ठीक. पण बुडबुडे नसलेल्या, फळांच्या गरापासून केलेल्या पेयांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. 'फ्रूट ड्रिंक' म्हणवून घ्यायला नियमानं फळांचा रस लागतो साधारण १० टक्के. उरलेलं मुख्यतः पाणी आणि साखर. कित्येक आंबा पेयांत साखर कोलाइतकीच, काहींत जास्त. म्हणजे कर साखरेवर नाही, बुडबुड्यांवर आहे! बाटलीवर आंब्याचं चित्र असलं की सरकारही फसतं, नाहीतर फसल्यासारखं करतं. शेतकऱ्याला फायदा होईल असं म्हणतात. मग संग्रामपूर-जळगाव जामोदच्या संत्र्याला प्रक्रिया कारखाना का नाही? भाव पडला की बांधावर संत्र्यांचा ढीग का लागतो?

मला जे मागायचंय ते साधं आहे.

एक. वान धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आहे. ते पाणी प्रत्येक गावात, ठरलेल्या दिवशी, पुरेसं यायला हवं. गावनिहाय वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. किडनीचा कोणताही कार्यक्रम याच्याशिवाय सुरू होत नाही.

दोन. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी आणि सावली द्यायची, हे कायद्यात लिहिलेलं आहे. तिथं आणि ऊसतोडीच्या फडावर उन्हाळ्यात ओआरएसची पाकिटं ठेवा. आरोग्य केंद्रात ती फुकट मिळतात.

तीन. कर लावायचा तर बाटलीत शंभर मिलीला साखर किती, यावर लावा. ब्रिटननं २०१८ पासून तसाच कर लावला आणि कंपन्यांनी निमूट साखर कमी केली.

चार. अंगणवाडी आणि शाळेच्या आहारात हंगामाप्रमाणे बोरं, सीताफळ, संत्री, केळी द्या. पोरांना फळसाखर मिळू दे, पण फळात घालून.

घरी करण्यासारखं तर अजून सोपं. उन्हातून आलेल्या माणसापुढं आधी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा छोटा खडा ठेवायची आपली रीत होती. मजूर आला, पाहुणा आला, तोच मान. त्यात गूळ बोटभर आणि पाणी तांब्याभर. आज बाटलीत उलटं झालं. पाहुण्यासाठी धावत जाऊन कोल्ड्रिंक आणलं नाही म्हणून कुणाची इज्जत जात नाही. लिंबू, मीठ, चिमूटभर साखर आणि माठातलं पाणी पुरतं. फक्त ज्यांना किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी मीठ आणि पाणी किती घ्यायचं ते आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवावं.

मोहाच्या फुलापासून मक्याच्या पाकापर्यंत फळसाखर तीच राहिली. आधी ती मिळवायला पहाटे उठून जंगलात जावं लागायचं. आता ती न मागता समोर येते, आणि गोडं पाणी मात्र मागावं लागतं. हा क्रम उलटा करणं आपल्या हातात आहे.

तुमच्या गावच्या टाकीत पिण्याचं पाणी किती दिवसांनी येतं, गाव आणि तालुक्याच्या नावासह खाली लिहा. यादी करून मी ती निवेदनाला जोडणार आहे.